बाजाराच्या मधोमध पडलेली मोकळी जागा

तीर्थस्वरूप दादास धाकटीचा साष्टांग नमस्कार.

तू पाठवलेलं पार्सल काल पोचलं. वहिनीने विणलेली लोकरी बंडी, गुडघ्याचं तेल आणि तुझ्या जुन्या कोटांची काढलेली बटणं, सगळं धड निघालं. खर्च मात्र माझा झाला, कारण तू तिकिटं कमी लावलीस आणि टपालवाल्याने दंड घेतल्याशिवाय पार्सल हाती दिलं नाही. (दंडात तेलाच्या दोन बाटल्या आल्या असत्या. माहितीसाठी सांगते, रागाने नाही.) तुझा खोकला कसा आहे? वहिनीची कंबर? सकाळी देवासमोर बसते तेव्हा तुम्हा दोघांचं नाव घेते, खोकल्याचं वेगळं घेते. इथे ह्यांची तब्येत बरी, दोरे-बटणांचं दुकान बेताचं, आणि माझं डोकं तापलेलं.

कारण त्याच टपालाने व्यापारी मंडळाची गुळगुळीत पुस्तिका आली, 'आपला बाजार: पुढची तीस वर्षं'. तिच्यापायी आम्ही किती दिले ते लिहीत नाही, तुझा रक्तदाब आधीच वर आहे. झालं असं की मालाचे ट्रक बाजाराच्या तोंडाशी अडकतात, गिऱ्हाईक आत शिरत नाही. तेव्हा शहर कचेरी म्हणाली, रस्ता कुठे, दुकानं कुठे, बस कुठून, माणसं राहणार कुठे, याचा तीस वर्षांचा आराखडा करू. पण तो करण्याचा निम्मा खर्च तुमचा. हे कुरकुरले, की रस्ता नाही, नुसता रस्त्याचा विचार, त्याला कसले पैसे. मी म्हटलं, द्या. विचार न करता घेतलेलं ह्या घरात पुष्कळ आहे. (माळ्यावर शिवणयंत्राची तीन पायडलं पडलीत, यंत्र एकही नाही.)

मंडळाने वर्गणी दुकानाच्या रुंदीवर बसवली आणि रुंदी ज्याची त्याने मोजून लिहायची असं ठरवलं. त्या दिवशी अख्खा बाजार बारीक झाला. औषधवाल्याने शटरच्या आतून मोजलं. चपलावाल्याने चपला टांगलेली भिंतच सोडली. अध्यक्ष, म्हणजे कोपऱ्यावरचे कापडवाले, गिऱ्हाइकाचं कापड ताणून मोजतात, तशी त्यांनी टेप ताणली. मी खोटं लिहिलं नाही. मी फक्त दोन खांब आणि दरवाजा वगळला, कारण खांब काही विकत नाहीत आणि दरवाज्यातून नुसती माणसं येतात, तीही बहुतेक सुटे पैसे मागायला.

मग कचेरीतल्या आराखडेवाल्या बाईंनी (वयाने लहान, केसांत पेन्सिल खोचून हिंडतात) आमचीच मापं घेऊन नकाशा मांडला, तोच ह्या पुस्तिकेत छापलाय. अर्धी दुकानं एका कोपऱ्यापासून, अर्धी दुसऱ्या कोपऱ्यापासून. पण रस्ता काही आमच्या सांगण्याने आखूड झाला नव्हता. सगळ्यांनी चोरलेले फूट मधोमध येऊन जमा झाले, आणि मधोमध राहतो आम्ही. नकाशात आमचं दुकान सरकून औषधवाल्याच्या जागी गेलंय. जिथे ते खरंच आहे, आणि वर माझं स्वयंपाकघर आहे, तिथे हिरव्या रंगात लिहिलंय: मोकळी जागा, बसथांब्यासाठी राखीव. पुढच्या महिन्यात नकाशा मंजूर झाला की आमचं घर गेलंच म्हणून समज.

काल संध्याकाळी मंडळाच्या सभेत तो भिंतीवर लावला. भोक सगळ्यांना दिसलं आणि एकाचंही तोंड उघडेना, कारण तोंड उघडायचं म्हणजे आपापले फूट परत करायचे. चपलावाला पंख्याकडे बघत बसला होता. पंखा बंद होता. शेवटी मी उठले. (हे माझ्या पिशवीचा बंद ओढत होते. तो तुटला. दुरुस्ती त्यांच्या खर्चात लिहिली.) म्हटलं, "बाई, तुमची बस माझ्या शेगडीवर उभी राहतेय."

त्या म्हणाल्या, "मग काकू, एवढी जागा आली कुठून?"

"अध्यक्षांच्या दुकानापासून मोजत या, सापडेल."

अध्यक्ष हळूच म्हणाले, "ताई, मोजणी तुमच्याही दारापर्यंत येईल हं."

"येऊ द्या, चहा ठेवते."

आणि तिथेच सांगून टाकलं, की पुन्हा मोजल्याशिवाय वर्गणीचा दुसरा हप्ता मिळणार नाही. माझ्या घराला मोकळी जागा म्हणणाऱ्याने आधी माझ्या जिन्याने वर येऊन दाखवावं. आणि आराखडा तर झालाच पाहिजे, पण खऱ्या मापाचा; कारण तीस वर्षांनी मी नसले तरी त्या जिन्याने कुणीतरी दूध घेऊन चढत असणार. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. मला नकोच होत्या.

वहिनीला नमस्कार. बंडी अंगाला बरोबर बसली, म्हणजे मापं घेणारं एक तरी माणूस आपल्यात आहे.

तुझी,
धाकटी

ता. क. मोजणार कोण, असा प्रश्न निघाला तेव्हा मी म्हटलं, माझा भाऊ. जन्मभर जमीनमोजणीत नोकरी केली, फुकट मोजून देईल. कचेरीला मान्य आहे. तेव्हा तू येतो आहेस. टेप तुझी आण.

आणखी एक. आमचं दुकान शेवटी घे. नकाशासाठी बाहेरून मोज, खांब-दरवाज्यासकट, इंचभरही सोडू नकोस. वर्गणीसाठी आतून मोज. यात खोटं काही नाही, कामं दोन आहेत.

शेवटचं. कोणत्या गाडीने येतोस ते उलट टपाली कळव, आणि तिकिटं पुरती लाव. कमी लावलीस तर ह्या खेपेला मी पत्र सोडवून घेणार नाही, आणि न घेतलेल्या पत्रात 'येतो' लिहिलंय असंच धरून अंथरूण घालीन.