भुऱ्याची जांभई

चोपडा, १२ डिसेंबर १९८८, सोमवार

आज भुऱ्यावर हात उचलणारच होतो. शाळेतून घरी आलो, तर या कुत्र्याने माझी नवी चप्पल चावून चोथा केलेली. समोर बसवून चांगलं फैलावर घेतलं, तर माझ्या तोंडावर जांभई देतो! वर मान फिरवून भिंतीकडे बघतो. वीस वर्षं मास्तरकी केली, मी बोलत असताना जांभई द्यायची कुणाची टाप नव्हती. आणि हा...

तेवढ्यात दूध घालायला आबा आले. दारातूनच म्हणाले, "गुरुजी, त्याले नीज नही येत. तो घाबरेल शे. आते पुरे करा, असं सांगी ऱ्हायना तो."

घाबरलाय, आणि 'आता पुरे' म्हणतोय? खरं वाटेना. तरी चप्पल बाजूला ठेवली, खाली जमिनीवर बसलो आणि मीही तोंड दुसरीकडे केलं. थोड्या वेळाने बेटा हळूच आला आणि माझ्या मांडीवर हनुवटी टेकवून बसला. म्हणजे इतके महिने मी ज्याला माज समजत होतो, ती गयावया होती?

जेवण झालं तरी ती जांभई डोक्यातून जात नाही. कारण सातवीतली ती मुलगी. मी रागावलो की हसते. आज पुन्हा हसली, म्हणून उद्धट ठरवून तिला तासभर बाकावर उभी केली.

हसताना तिच्या हातातली वही थरथरत होती. ते मला दिसलं होतं.