सुनंदाच्या गळ्यातला मणी

१२ फेब्रु.
आज दहावा. तापीवर पिंडाला कावळा लगेच शिवला. सगळे म्हणाले, सुनंदाची काही इच्छा मागे राहिली नव्हती.
आंघोळ घालताना बायकांनी तिच्या गळ्यातला मणी काढून माझ्याकडे दिला होता. लाल अकीक दगडाचा, वर पांढऱ्या रेघा, काळ्या दोऱ्यात. लग्नाआधीपासून घालायची, नेहमी ब्लाउजच्या आत. खंभातच्या बाजारातला, म्हणायची. आज मेघाला दिला. लेकीकडेच राहू दे.

१५ फेब्रु.
तेरावा. जळगावहून शालिनीताई आल्या, सु.ची कॉलेजची मैत्रीण. सु. शिकवायची त्या शाळेतल्या बाई सांगत होत्या, हडप्पाचा धडा आला की सु. वर्गात विटा न्यायची, सगळ्या एका मापाच्या. शहरोशहरी वजनं सारखी, मोठा राजवाडा कुठे सापडत नाही, हे सांगताना आवाज चढायचा तिचा. मेघा म्हणाली, "और मम्मी चॉकचा तुकडापण परत मागायची. हडप्पाची थानेदारनी!" सगळे हसले. मीही.
शा.ताई हसल्या नाहीत. मेघाच्या गळ्याकडे बघत होत्या.

तोच दिवस, संध्याकाळ
लिहून ठेवतो.
शा.ताईंनी बाजूला बोलावून सांगितलं. विद्यार्थी असताना दोघी गुजरातेत एका हडप्पाकालीन गावाच्या खोदकामावर होत्या. लखीबेन नावाच्या मजूर बाईला माती चाळताना असा मणी सापडला. नोंदवहीत लिहायचं काम सु.कडे. संध्याकाळी मणी नाही. सगळ्यांसमोर लखीबेनचा पदर झाडला, अंबाडा सोडायला लावला. कामावरून काढलं. पुढे तिच्या घरच्या कोणालाच कामावर घेतलं नाही. सु. वही घेऊन तिथेच उभी होती.
मी म्हटलं, दुसरा असेल तसाच.
"भाऊजी, त्याचं चित्र मी काढलं होतं. एका टोकाला टवका उडालाय."
त्या गेल्यावर मेघाकडून मणी मागून पाहिला. आहे टवका.

१७ फेब्रु.
सु.च्या वह्या काढल्या. एका पानावर: 'कारागीर अकीकवर क्षाराने रेघ ओढून मणी भट्टीत भाजत. रेघ पांढरी होते, पुन्हा जात नाही. भोक पाडायला कित्येक दिवस.' खाली दोनदा रेघ मारली आहे. लखीबेनबद्दल एक अक्षर नाही. सगळ्या वह्या पाहिल्या.
एकतीस वर्षं एका ताटात जेवलो.

१९ फेब्रु.
मेघाला सांगितलं. तिने दोरा काढला. थोड्या वेळाने परत घातला.
"मम्मी आता सफाईपण देऊ शकत नाही, बाबा. आणि तुम्ही तिला चोर म्हणता."
मी तो शब्द उच्चारला नव्हता. आता घरात आला.

२३ फेब्रु.
शा.ताईंनी नंबर मिळवला. लखीबेन आहेत, नातीकडे राहतात. मेघाने मणी माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि आत गेली.
दुपारी फोन केला. काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवलं होतं. सुनंदाचा नवरा बोलतोय, एवढंच वाचून झालं. म्हातारी केवढी खूश झाली. हिंदीत बोलत होती, मधे गुजराती. त्या दिवशी सगळ्यांनी तोंड फिरवलं, सु. एकटी बस येईपर्यंत तिच्याजवळ बसली, रडत. म्हणाली होती, लखीबेन, तूने नहीं लिया, मुझे पता है.
"उस एक ने मुझे चोर नहीं माना, भाई. भगवान उसका भला करे. कैसी है मेरी सुनंदाबेन?"
कागद हातात होता.
मी म्हटलं, "मजे में है."