वीस नॅनोमीटरची पायरी

३ फेब्रुवारी
पट्टी तिसऱ्यांदा बाद! पायरीवर पुन्हा तोच पुसट थर.
मंत्रालयातला अधिकारी विचारत होता, "मॅडम, एका पट्टीचं एवढं काय?" त्याला माझं नख दाखवलं. एवढाच सिलिकॉनचा तुकडा, त्यावर कोरलेली वीस नॅनोमीटर उंचीची पायरी. केसाच्या जाडीचे चार हजार भाग करा, त्यातला एक. या पायरीवरून सूक्ष्म भाग बनवणाऱ्या कारखान्यांची मोजयंत्रं लावून घेतात, म्हणजे त्यांचं माप तपासून बरोबर करतात. देशात असे चाळीस कारखाने. पट्टी परदेशातून येईपर्यंत चार-चार महिने हात बांधून बसतात. आपली पट्टी झाली की कुणाच्या तोंडाकडे बघायला नको. जाताना बजावून गेला: मार्चअखेर मात्र मुदत. नाही जमलं तर काम बंद.

५ फेब्रुवारी
सगळ्यांना फैलावर घेतलं. पट्टी बनते त्या धूळमुक्त खोलीत पावडर बंद, अत्तर बंद, खिशातली पेन्सिल बंद. सूक्ष्मदर्शकावर पायरी मोजणारा आमचा मापाड्या — वीस वर्षं हेच करतोय — त्याला दाढी काढायला लावली.
"मॅडम, लग्नातसुद्धा काढली नव्हती!"
काढली. बरा दिसतो. सांगितलं नाही.

६ फेब्रुवारी
थर आहेच.

१० फेब्रुवारी
मापाड्या कागद घेऊन आला. एका बाजूला थर आलेले दिवस, दुसऱ्या बाजूला स्वच्छ दिवस.
"कारण?"
जमिनीकडे बघत राहिला.
"बोल की!"
"थर आला त्या दिवशी तुम्ही आत होतात, मॅडम."
रोज सकाळी गुडघ्याला बाम चोळते. वरून कितीही स्वच्छ पोशाख चढवला तरी त्याची वाफ बाहेर पडते आणि थेट पायरीवर जाऊन बसते. सगळ्यांना वास येत होता!
"मग आधी का नाही सांगितलंत?"
"सांगितलं असतं तर दाढी वाचली असती. पण धीर झाला नाही."
मोठ्याने हसले. तो दचकलाच. घरी येताना मात्र चेहरा तापला. तीन पट्ट्या, सहा आठवडे! गुडघ्याने एवढं नुकसान केलं नसतं. माझ्या धाकाने केलं.

११ फेब्रुवारी
ह्यांना सांगितलं. म्हणाले, "घरी तेच. तू शेजारी उभी राहिलीस की माझं दूध उतू जातं."
बाम सोडला तर जिना चढवत नाही. मीच बाहेर थांबणार.

१६ फेब्रुवारी
दिवसभर काचेबाहेर खुर्ची टाकून बसले. आत चौघं. दोनदा फोन उचलला, दोनदा खाली ठेवला. एकानेही माझ्याकडे वळून पाहिलं नाही. शाबास!

१९ फेब्रुवारी
स्वच्छ! पायरी आरशासारखी. मापाड्याने अकरा वेळा मोजली — वीस पूर्णांक तीन दशांश नॅनोमीटर. काचेला नाक लावून मी टाळ्या वाजवल्या. आत ऐकू गेल्या नाहीत, बरं झालं.
उद्या पट्टी परदेशातल्या थोरल्या प्रयोगशाळेकडे. ते आपला आकडा न बघता मोजतील. जुळला तर पट्ट्या देशातच बनवायची परवानगी.

१८ मार्च
जुळला नाही. त्यांचं माप एकवीस पूर्णांक चार.
संचालक घामाघूम. "मॅडम, आपला आकडा थोडा वर सरकवू. मोजताना चूक झाली म्हणू. ती माणसं शंभर वर्षं हेच करताहेत!"
मापाड्याला बोलावलं. "परत मोजलंस?"
"त्याच तुकड्यातून कापलेली जोडीची पट्टी मोजली. दोन वेगळ्या यंत्रांवर."
"मग?"
"वीस पूर्णांक तीन." या वेळी जमिनीकडे बघत नव्हता.
थोरल्या प्रयोगशाळेला लिहून कळवलं — आमचा आकडा कायम. आपण कृपया पुन्हा मोजावे.
"अंगाशी आलं तर खापर तुमच्या डोक्यावर फुटेल," संचालक.
"फुटू दे. डोकं टणक आहे."
दुसऱ्याच्या आकड्याकडे बघून आपला सरकवायचा, तर एवढी वर्षं मोजायला शिकलो कशाला?

२३ मार्च
एका कारखान्याच्या मालकीणबाईंचा फोन. "परदेशी पट्टी मागवू, का थांबू?"
"थांबा," म्हटलं. फोन ठेवून मुदतीचे उरलेले दिवस मोजले — आठ.

३० मार्च
पत्र आलं. त्यांच्याच यंत्राचं माप वर्षभर सरकलेलं होतं! दुरुस्त करून पुन्हा मोजलं — वीस पूर्णांक तीन. दिलगिरी एका ओळीत. दुसऱ्या ओळीत विनंती — आपल्या चार पट्ट्या ताबडतोब पाठवाव्यात, पुढच्या वर्षापासून त्यांचं यंत्र आपल्या पायरीवरून लावून घेणार आहेत.