भिंतीवरची ओल

२ जून
बँकेची नोटीस. साठ दिवसांत थकलेले हप्ते भरा, नाहीतर घराचा लिलाव. सही कुणाची, तर कालच्या पोराची. वीस वर्षं सेल्समध्ये काढलेल्या माणसाला हे व्यवहार शिकवणार. (नोकरी मीच सोडली. कंपनीचं पत्र दोन दिवस आधी आलं, हा योगायोग.)

४ जून
घरात मीटिंग. हिचं म्हणणं, लिलावाआधी आपणच घर विकू, कर्ज फेडू, उरेल त्यात दोन खोल्या घेऊ. लेकीचं म्हणणं, माझी खोली भाड्याने द्या, मी हॉलमध्ये झोपेन. मेहुण्याचं म्हणणं, भाऊजी, माझ्या दुकानात काउंटरवर बसा, पगार देतो. दुकान टायरचं. स्वतः दहावी नापास, अंगाला कायम रबराचा वास. तिघांचंही ऐकून घेतलं. डोकं एकालाही नाही.

५ जून
माझा प्लॅन. गिऱ्हाईकच आलं नाही तर बँक काय घर डोक्यावर घेऊन जाणार? मी न खपणारा माल खपवलाय. खपणारा माल अडवणं म्हणजे डाव्या हातचा मळ.

९ जून, दुपारी
ही कामावर, लेक कॉलेजात. हॉलच्या भिंतीला कडक चहाचं पाणी ब्रशने मारलं. तीन हात. हुबेहूब ओल. संध्याकाळी हिने विचारलं, ही कधी आली? म्हटलं, जुनीच आहे, तुझं लक्ष नसतं.

१४ जून
हिने गिऱ्हाईक आणलं. मास्तर आणि त्यांची बायको. भाव चांगला देत होते, कर्ज फिटून वर उरलं असतं. ही चहा करायला आत गेली. तेवढ्यात मी सांगून टाकलं, ओल बाराही महिने असते, वरच्या मजल्यावरचा रात्री ड्रम वाजवतो आणि पाया खचतोय. चहा न घेताच गेले. ही ट्रे घेऊन उभी, मग रडली. बायकांना लांबचं दिसत नाही.

२५ जून
बँकेने घराची किंमत ठरवायला माणूस पाठवला. मी आपणहून कपाट सरकवून मागच्या भिंतीची भेग दाखवली. त्याने किंमत निम्म्यावर आणली. जाताना म्हणाला, इतका प्रामाणिक कर्जदार पाहिला नाही. भोळसट.

२० जुलै
लेक पुस्तकं खोक्यात भरतेय. म्हटलं, कशाला, आपण कुठेही जात नाही. तरी भरतेय. आईवर गेली आहे.

१९ ऑगस्ट, सकाळी १०
आज लिलाव. इस्त्रीचा शर्ट. बँकवाल्यांचे पडलेले चेहरे बघून येतो.

१९ ऑगस्ट, दुपारी २
गिऱ्हाईक एकच आलं. मेहुणा. म्हणाला, एरवी आपल्याला कुठलं परवडायला भाऊजी, पण तुम्हीच जगभर सांगत होतात घरात काही राम नाही म्हणून. तेवढं झेपलं. त्या पैशात सगळं कर्जही फिटलं नाही. उरलेलं माझ्या डोक्यावर तसंच. बँकवाल्या पोराने पेढा खाल्ल्यासारखं तोंड केलं होतं.

२१ ऑगस्ट
मेहुणा भाडेकरार घेऊन आला. घर बहिणीच्या नावाने भाड्याने, भाडं नावापुरतं. मी सोमवारपासून टायरच्या काउंटरवर. अट एकच, ती ओल भाडेकरूने महिनाभरात दुरुस्त करायची.

२२ ऑगस्ट, रविवार
गवंडी आला. भिंतीवर टकटक केलं. म्हणाला, भिंत ठणठणीत कोरडी आहे, हा नुसता वरचा डाग. ही बाजूलाच उभी होती. तिने डागावर ओलं बोट फिरवलं, वास घेतला. माझ्याकडे बघितलं. मग गवंड्याला जायला सांगितलं, आतून घासणी आणि बादली आणली, माझ्यासमोर ठेवली आणि आत गेली.

दोन तास घासतोय. डाग हलत नाही. काम मी चोख केलं होतं.