अस्मिता मॅडमसाठी घडीचं पाकीट

३ नोव्हेंबर, सोमवार
अस्मिता मॅडमचं लग्न ठरलं. सकाळी लोणी काळभोरला जाताना कॉलेजच्या स्टाफ बसमध्ये त्यांनीच सांगितलं. मुलगा अमरावतीचा, बँकेत. नाव अभिनव. चाळिशी उलटलेली, पण लग्न ठरलं की मुलगाच म्हणतात. येत्या चौदा तारखेला मॅडमचा कॉलेजातला शेवटचा दिवस.
आनंद झाला. मला खरोखर आनंद झाला आहे, हे इथे नोंदवून ठेवतो.
दुपारी डबा नेहमीसारखा खाल्ला. अर्धा.

४ नोव्हेंबर, मंगळवार
आमच्या अकाउंट्स सेक्शनतर्फे मॅडमना साडीच्या दुकानाचं गिफ्ट कार्ड द्यायचं ठरलं. हेड क्लार्क जरीना मॅडम म्हणाल्या, एखाद्या पाकिटात घालून देऊ. मी म्हणालो, विकतचं नको, मी स्वतः घडीचं पाकीट करतो. हातकागदाचं. सगळे टाइप करायचे थांबून माझ्याकडे बघायला लागले. यात व्यक्तिगत काही नाही, प्रश्न क्वालिटीचा आहे, असं मी स्पष्ट केलं.
जरीना मॅडम म्हणाल्या, कुणी विचारलंय का, सर?

५ नोव्हेंबर, बुधवार, संध्याकाळ
घरी जाता जाता अप्पा बळवंत चौकात उतरलो. दुकानदाराला नीट समजावलं: कागद मऊ हवा, पण घडी धरणारा. नाजूक दिसावा, पण फाटू नये. रंग छान हवा, पण उथळ नको. दुकानदार म्हणाले, कागद हवाय की जावई?
दुर्लक्ष केलं. शेवटी अबोली रंगाचा घेतला. गॅदरिंगला मॅडम याच रंगाची साडी नेसल्या होत्या, हे घरी आल्यावर लक्षात आलं. योगायोग.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
यूट्यूबवरची मुलगी म्हणते, पाच मिनिटांत होतं. तिला काय, दुसरा उद्योग नसेल.
पहिलं पाकीट: कार्ड आत जाईना. दुसरं: आत गेलं आणि खालून पडलं. तिसरं थेट पानाच्या पुडीसारखं दिसायला लागलं.
कारण सापडलं. हवेत दमटपणा आहे.

९ नोव्हेंबर, रविवार
चौथं जवळजवळ जमलं होतं. वरच्या झाकणावर 'सप्रेम' लिहिलं. नंतर वाटलं, लोक भलता अर्थ काढतील. म्हणून तेवढा भाग कापला. मग झाकणच उरलं नाही.
संकल्प: उद्या बसमध्ये मॅडमशी बोलायचं. इतकी वर्षं शेजारी बसून प्रवास केला, निरोपाचे चार शब्द बोलायला काय हरकत आहे? मुद्दे मनात तयार आहेत. सुरुवात हवेपासून करायची. पुढचं ओघात येईल.

१० नोव्हेंबर, सोमवार
हवेपर्यंत जावंच लागलं नाही. मॅडमनीच विषय काढला. हडपसर यायच्या आत माझ्याकडे वळून म्हणाल्या, अनिरुद्ध सर, मी बरोबर करतेय ना? तुम्हाला काय वाटतं?
अशा वेळी माणूस भावनेच्या भरात काहीही बोलून जातो. मी तोल जाऊ दिला नाही. बँकेची नोकरी पक्की असते, बदली झाली तरी राज्यातच, शिवाय बायकोलाही मेडिकल मिळतं, असं मुद्देसूद सांगितलं.
त्या म्हणाल्या, अजून काही?
मी जरा विचार केला. म्हणालो, अमरावतीचा उन्हाळा फार कडक. गेल्या गेल्या कूलर घ्या.
त्या म्हणाल्या, बरं.
मग लोणी येईपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. बहुधा कूलरचाच विचार करत असाव्यात. एकूण संभाषण चांगलं झालं.
रात्री जेवायचं राहून गेलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार
काल रात्री पाचवं पाकीट जमलं! प्रत्येक घडी चमच्याच्या पाठीने दाबून घेतली. कडा सुरीसारख्या. कुठे सुटायला नको म्हणून आतून फेविकॉल सढळ हाताने लावला आणि कार्ड आत सरकवून रात्रभर जाड पुस्तकाखाली ठेवलं.
ऑफिसात जरीना मॅडमना दाखवलं. त्यांनी उलटंसुलटं करून पाहिलं. हात चांगला आहे तुमचा, म्हणाल्या. मग खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाल्या, सर, अजून वेळ गेलेली नाही. कागद पुष्कळ झाला. आता तोंडाने बोला.
मी म्हणालो, अजून रिबीन लावायची आहे.
त्या म्हणाल्या, काय म्हणावं तुम्हाला. आणि उठून गेल्या. फिनिशिंगचं महत्त्व सगळ्यांनाच कळतं असं नाही.
बोलायची गरज काय? मॅडम हुशार आहेत. पाकीट हातात घेतलं, त्या घड्या पाहिल्या, की त्यांना सगळं कळेल. त्या माझ्याकडे बघतील. थांबू का, असं विचारतील. मी म्हणेन, थांबा.
एवढंच म्हणायचं. दोनदा आरशासमोर म्हणून पाहिलं. छान वाटतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
निरोप समारंभ झाला. सामोसे बरे होते.
मॅडमना न्यायला अभिनव आला होता. उंच, चष्मा, फार बोलत नाही. जरीना मॅडमनी माझं पाकीट सर्वांसमोर अस्मिता मॅडमच्या हातात दिलं. त्या म्हणाल्या, किती सुरेख. आणि कार्ड ओढायला लागल्या. येईना. दोन्ही हातांनी ओढलं. हलेना. लोक हसायला लागले. कुणीतरी कात्री आणली.
अभिनव म्हणाला, नको, कात्री नको.
त्याने पाकीट गुडघ्यावर ठेवलं. नखाने एकेक घडी सोडवत गेला. अजिबात घाई नाही. हसणारे लोकही जवळ येऊन बघायला लागले. कार्ड निघालं. कागद कुठेही फाटला नाही. मग त्याने सगळ्या घड्या परत जशाच्या तशा घातल्या आणि विचारलं, हे कुणी केलंय? फार मन लावून केलंय.
मी मॅडमकडे बघितलं. आता.
मॅडम म्हणाल्या, आमच्या अनिरुद्ध सरांनी. सगळ्यांसाठीच काही ना काही करतात ते.
सगळ्यांसाठी.
अभिनवने माझा हात दोन्ही हातांत घेतला. ऊबदार हात. त्याच्यात एखादी तरी खोट सापडावी म्हणून मी शेवटपर्यंत शोधत होतो. माणूस चांगला आहे.
गाडीत बसता बसता मॅडम परत आल्या. माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. 'थांबा' हा शब्द माझ्या तोंडाशी तयार होता. त्या म्हणाल्या, सर, कूलर नक्की घेईन.
मी म्हणालो, चांगल्या कंपनीचा घ्या.

१७ नोव्हेंबर, सोमवार
आमचे शिपाई सोनबा या महिन्यात रिटायर होतात. त्यांनाही गिफ्ट कार्ड द्यायचं ठरलं. जरीना मॅडमनी विचारलं, कराल का पाकीट? नेहमीसारखं टोमणा मारून नाही, अगदी हळू आवाजात विचारलं. म्हणालो, करतो की.
संध्याकाळी बसलो. पहिल्याच फटक्यात जमलं. कार्ड सहज आत जातं, सहज बाहेर येतं.
मग रडलो. बराच वेळ. कारण इथे लिहीत नाही. वाचणारा मीच आहे आणि मला ते माहीत आहे. पहिल्यापासून माहीत होतं.
सोनबांचं पाकीट भिजलं. उद्या दुसरं करायला हवं.