सात उत्तरं

ती. काका,

मतदारांच्या सगळ्या पत्रांना उत्तरं गेली, असं मी परवा फोनवर सांगितलं. ते अर्धंच खरं होतं. सगळ्यांना एकच उत्तर गेलं: ‘आपल्या कामात जातीनं लक्ष घालतो आहे.’ खाली तुमची सही, तुम्हीच मला घरी गिरवून घेतलेली.

काल नदीपलीकडची शिंपीण तशी सात उत्तरं घेऊन आली. म्हणाली, “आमदारांची सही झोकदार आहे हो पोरी, पण पुलाच्या फळ्या तुटक्या त्या तुटक्याच. सून पडली, पाय मोडला.”

तुम्हाला कळवलं, तर म्हणालात, “मग आठवं पाठव!”

हे पत्र टाकूनही उपयोग नाही, तुमचं टपाल मीच उघडते. म्हणून तुमच्या भेटीच्या रांगेत शिंपिणीमागे उभी राहून सगळ्यांदेखत सांगणार आहे, सही माझी आहे. येत्या गुरुवारी, सतरा तारखेला.

तुमच्याच हाताखाली शिकलेली,
पुतणी