शेत पाहिल्याशिवाय घास नाही

१० जुलै, गुरुवार. आषाढी पौर्णिमा.
सकाळी विहारात भन्ते म्हणाले, घास तोंडात घालण्याआधी तो कुठून आला याचा विचार करा. घरी येऊन ताट समोर घेतलं आणि विचार केला. भाकर गार झाली. ज्वारी दुकानातली, डाळ पॉलिशची, पाणी जारचं. शेतात तीन एकर सोयाबीन उभं, आणि तेल पाकिटातलं. लाज वाटली.
वर्षावासाचे तीन महिने नियम: ज्याचं शेत किंवा विहीर मी पाहिली नाही, ते घरात येणार नाही. बायकोनं विचारलं, मीठ? चैत्यभूमीला गेलो तेव्हा समुद्र पाहिला आहे. मीठ नियमात बसतं.

११ जुलै
चहा-साखर बंद. आसाम पाहिलेलं नाही. आईनं आपला कप धुऊन फळीवर पालथा घातला. वय अठ्ठ्याहत्तर, पण समज पाहा. जारवाल्याला नको सांगितलं. आता विहिरीचं पाणी, गाळून, उकळून. जरा पिवळं दिसतं. मिनरल्स असावेत.

१४ जुलै, पहाटे ५
डोकं दुखतं. चहाचा संबंध नाही.
आई हल्ली रोज सकाळी शेजारच्या सारिकाकडे जाऊन बसते. पूर्वी जात नव्हती. चहा सुटल्यानं पाय मोकळे झाले.

१८ जुलै
आठवडी बाजार. प्रत्येकाला विचारलं, हे कोणत्या शेतातलं? टमाटे नाशिकचे. कोबी कुठली, तर गाडीतली. कडूबा भाजीवाला सगळ्यांसमोर म्हणाला, "माल पाहा ना भाऊ, शेत कायले पाहून राह्यले? सोयरीक करायची हाय का?" लोक हसले. अज्ञान.
रिकामी पिशवी घेऊन शिवारातून परत आलो. दोन्ही बाजूंना सोयाबीन आणि कपाशी. भाजी कुणीच लावत नाही. मीही नाही.
घरामागं भेंडी लावली. दोन महिन्यांचा प्रश्न आहे.

२३ जुलै
गावात घरची ज्वारी एकट्या रामरावांकडे निघाली. आणली. भाकर, मिरची, मीठ. सात्त्विक वाटतं. बायको म्हणते, सात्त्विक नाही, पित्त आहे.

२६ जुलै
आईनं पदरातून अंबाडीची भाजी आणली. सारिकाच्या बांधावरची. सारिका दारातच उभी होती, म्हणून सोयीनं तिलाच विचारलं, बांध कोणता, फवारणी कधी केली, कोणत्या औषधाची. ती वळून घरी गेली. आईनं भाजी शेळीपुढं टाकली. शेळीनं खाल्ली. म्हणजे औषध नसावं. उद्या परत आणायला सांगतो.

२७ जुलै
सांगायचं राहिलं. आई पहिल्या एसटीनं बुलढाण्याला धाकट्या भावाकडे गेली. नातवाची आठवण आली असणार. दोन दिवसांत येईल.

३ ऑगस्ट, रविवार
आली नाही. धाकट्याचा, प्रेमानंदचा फोन आला. आईची गोधडी आणि पत्र्याची पेटी पाठवून दे म्हणतो. पेटी कशाला लागते चार दिवसांसाठी? बायको म्हणाली, त्या आता तिकडंच राहणार. मी म्हटलं, तुझा गैरसमज आहे. संध्याकाळी आईची खाट आत घेतली, मग परत बाहेर ठेवली.

८ ऑगस्ट
बराच विचार केला. मूळ कारण चहा आहे. नियमात एक सूट वाढवायला हरकत नाही. चहापत्ती पाव किलो, साखर दोन किलो आणली. उद्या दाखवून आईला घेऊन येतो. पेटी नेणार नाही.

९ ऑगस्ट, शनिवार
आईसमोर पिशवी उघडली. तिनं पाहिलंही नाही. म्हणाली, "चहा तं मी सारिकाकडं रोजच पेत होती. चहासाठी नाही आली मी."
मग कशासाठी, विचारलं.
"मी हातानं भाजी आणली, अन् तू त्या पोरीले आरोपीवानी इचारलं. माह्यासमोर. उद्या मलेही इचारशीन, माय, तू कुठची."
मी पिशवीचं तोंड परत बांधलं.
आईनंच मला जेवायला वाढलं. वाटाण्याची उसळ. या दिवसांत हिरवेगार वाटाणे, म्हणजे पाकिटातलेच. ती ताटाजवळ बसून माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी पहिला घास घेतला. तिनं आणखी वाढले. तेही खाल्ले. कुठले आहेत, विचारलं नाही.
चारच्या एसटीनं आई माझ्यासोबत आली.